‘फादरला सांगितलं की पाप माफ’: हे अर्धंच खरं

आठवडाभर वाट्टेल ते करा, मग फादरच्या कानात सांगा, पाटी कोरी! कॅथलिकांबद्दलचा हा समज वर्षानुवर्षं फिरतोय, सिनेमांनी त्याला खतपाणीही घातलं. चर्चची शिकवण मात्र वेगळी आहे.

१५५१ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने पाप करणाऱ्याकडून तीन गोष्टी मागितल्या: मनापासून पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई. पश्चात्तापातच ‘पुन्हा करणार नाही’ हा निश्चय आला. तो नसेल तर फादरने उच्चारलेली क्षमा लागूच पडत नाही; सुधारायची तयारी दिसली नाही तर फादर ती देण्याचं नाकारूही शकतात. चोरी कबूल करणारा ‘नमो मरिया’ ही प्रार्थना चार वेळा म्हणून सुटत नाही. शक्य असेल तर पैसे परत करावे लागतात. कुणाची बदनामी केली असेल तर तीही निस्तरायची (हे पैशांहून अवघड). बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय बघा: लुबाडलेल्याच्या चौपट परत द्यायला तयार झाला, वर अर्धी मालमत्ता गरिबांना.

प्रामाणिक निश्चय करूनही कुणी पुन्हा घसरला, तर आधीची क्षमा रद्द होत नाही. आणि बहुतेक प्रॉटेस्टंट चर्चेसमध्ये पाळकाकडे (तिथल्या धर्मगुरूकडे) अशी कबुली देणं सक्तीचं नाहीच.