हिरव्या रसामागचं रसायन

नाशिकला सकाळी फिरून परतताना गव्हांकुराचा रस घेणारे बरेच आहेत. हे 'हिरवं रक्त' आहे, त्यानं हिमोग्लोबिन वाढतं, असं त्यांना सांगितलेलं असतं. ही समजूत उगाच पडलेली नाही, तिला इतिहास आहे.

१८१७ साली पॅरिसमध्ये पेलेतिये आणि कावांतू या औषधशास्त्रज्ञांनी पानातला हिरवा रंग वेगळा काढला आणि त्याला क्लोरोफिल हे नाव दिलं. त्याच्या गाभ्यात मॅग्नेशियम असल्याचं दाखवणाऱ्या रिचर्ड विलस्टेटर यांना १९१५ चं नोबेल मिळालं. हान्स फिशर यांनी रक्तातल्या हीमची (हिमोग्लोबिनमधल्या लोह धरणाऱ्या लाल भागाची) रचना उलगडली (नोबेल १९३०), तेव्हा दोन्हींच्या रेणूंचं कडं जवळपास सारखंच निघालं. फरक मधोमध: हीममध्ये लोह, हरितद्रव्यात मॅग्नेशियम. 'हिरवं रक्त' एवढ्याच साम्यावर उभं आहे. शरीर मॅग्नेशियम काढून तिथे लोह बसवत नाही. हीम ते स्वतः घडवतं आणि त्यासाठी लोह आहारातूनच यावं लागतं. म्हणून रक्त कमी असताना रसाच्या भरवशावर लोहाच्या गोळ्या लांबवणं चुकीचं आहे.

शिवाय हे मॅग्नेशियम फार सैल बसलेलं असतं. गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून आणलेला पालक झाकण ठेवून शिजवा: पानातली आम्लं वाफेबरोबर निघून न जाता भांड्यातच राहतात, मॅग्नेशियम सुटतं, त्याची जागा हायड्रोजन घेतो आणि भाजी शेवाळी-तपकिरी होते. उघड्या भांड्यात, भरपूर उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात काढला तर हिरवा राहतो. चिमूटभर सोड्यानंही रंग टिकतो, पण पानं गिळगिळीत होतात आणि क जीवनसत्त्व जातं. रसात लिंबू पिळलं की आम्लामुळे मॅग्नेशियम हळूहळू तसंच सुटतं. जठरातही आम्लच आहे.

औषध म्हणून वापरायचं तर हा अडसर दूर करायला हवा होता. अल्कली वापरून रेणूची तेलकट शेपटी तोडली, मॅग्नेशियमच्या जागी तांबं बसवलं आणि पाण्यात विरघळणारं, टिकाऊ सोडियम कॉपर क्लोरोफिलिन मिळालं. दुकानात 'क्लोरोफिल' म्हणून मिळणारे थेंब आणि गोळ्या बहुधा याच्याच असतात. १९४० च्या दशकात ते जखमांवर लावलं जाई, ५० च्या दशकात अमेरिकेत टूथपेस्टपर्यंत पोहोचलं. पपेन (पपईतलं प्रथिनं पचवणारं द्रव्य), युरिया आणि क्लोरोफिलिनची मलमंही बरीच वर्षं चालली. पपेनच्या गंभीर अ‍ॅलर्जीमुळे तिथे २००८ मध्ये ती विनापरवाना मलमं थांबवावी लागली. कोलोस्टोमीच्या (पोटाला छिद्र करून मोठ्या आतड्यातला मल बाहेर काढण्याची वाट केलेल्या) रुग्णांना दुर्गंधी कमी करण्यासाठी रोज १०० ते २०० मिलिग्रॅम क्लोरोफिलिन पोटातून देण्याचा वापर मात्र टिकला. त्यानं शौचाला हिरवं होतं, घाबरायचं कारण नाही.

बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात, मक्यात अफ्लाटॉक्सिन हे कर्करोगाला कारण ठरणारं विष असू शकतं. क्लोरोफिलिन त्याला अडवतं का, हेही पाहिलं गेलं. चीनमधल्या किडाँग इथे १८० जणांवर चाचणी झाली. क्लोरोफिलिनच्या गटाला १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, चार महिने दिलं. लघवीतली अफ्लाटॉक्सिनच्या डीएनए-हानीची खूण ५५ टक्क्यांनी कमी आढळली (२००१). कर्करोग टळतो, हे यातून सिद्ध होत नाही.

खरी मजल प्रकाशोपचारात मारली गेली. हरितद्रव्यापासून बनवलेलं टालापोर्फिन जपानमध्ये २००३ पासून फुप्फुसाच्या सुरुवातीच्या कर्करोगावर वापरात आहे. औषध शिरेतून देऊन गाठीवर लाल लेझर सोडतात, मग प्रकाशानं चेतलेला ऑक्सिजन तिथल्या पेशी मारतो. उपचारानंतर काही दिवस ऊन टाळावं लागतं, नाहीतर त्वचा भाजते.

रस पिणाऱ्यांतल्या एका गटानं मात्र सांभाळावं: वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) घेणाऱ्यांनी. हिरव्या पानांत रक्त गोठवायला मदत करणारं के जीवनसत्त्व भरपूर असतं, त्यामुळे रस अचानक सुरू किंवा बंद केला की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) हलतो. आधी डॉक्टरांना सांगा आणि प्रमाण रोज तेच ठेवा.