पॅनिक करायचं का? एका निवृत्त फाइलसिस्टिमची डागडुजी

२०१९ मध्ये मॅकओएसची कॅटालिना आवृत्ती आली आणि ॲपलने १९८५ मध्ये स्वतःच आणलेल्या एचएफएस या फाइलसिस्टिमला कायमची रजा दिली. तिच्यावर लिहिणं २००९ मध्येच बंद झालं होतं, आता वाचणंही गेलं. म्हणजे नव्वदच्या दशकात फक्त मॅकसाठी काढलेली सीडी आजच्या मॅकवर उघडत नाही, लिनक्सवर उघडते. निदान उघडायला हवी.

डिस्कवर नुसते बाइट असतात. त्यातली कुठली फाइल कुठे सुरू होते, कुठे संपते, तिचं नाव काय, हा सगळा हिशेब फाइलसिस्टिम ठेवते. तो हिशेब वाचणारा कोड, म्हणजे ड्रायव्हर, लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात असतो. एचएफएसचा ड्रायव्हर तिथे अजून आहे.

सीडी माउंट झाली नाही, म्हणजे वाचण्यासाठी सिस्टिमला जोडली गेली नाही, की पडद्यावर येणारा संदेश असा: फाइलसिस्टिमचा प्रकार चुकला, किंवा ऑप्शन चुकला, किंवा सुपरब्लॉक खराब आहे, किंवा कोडपेज नाही, किंवा आणखी काही. पेपरातल्या राशिभविष्यासारखं हे कुणालाही लागू पडतं. खरं कारण कर्नलच्या लॉगमध्ये सापडतं, म्हणून आधी तो उघडावा.

बरेचदा ड्रायव्हरच चालू नसतो. ओपनसुसेसारख्या काही डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे लिनक्सच्या तयार संचांमध्ये, अशा जुन्या फाइलसिस्टिमची मॉड्यूल (कर्नलला लागतील तेव्हा जोडायचे कोडचे तुकडे) आपोआप लोड होणं मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, आणि काही कर्नलमध्ये ती बांधलेलीच नसतात. का, ते पुढे येईलच.

ड्रायव्हर आहे आणि तरी सीडी उघडत नाही, तर बाइटच बघावे लागतात. एचएफएसच्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे तिने व्यापलेल्या डिस्कच्या जागेत, सुरुवातीपासून १०२४ बाइट सोडले की पुढच्या दोन बाइटमध्ये इंग्रजी बी आणि डी ही अक्षरं दिसतात. तीच खूण शोधून ड्रायव्हर डिस्क ओळखतो. पण मॅकच्या बऱ्याच सीडींवर अगदी सुरुवातीला ॲपलचा पार्टिशन नकाशा, म्हणजे डिस्कच्या विभागांची यादी, असतो, त्याची खूण ई आणि आर. खरा व्हॉल्यूम त्याच्या पुढे कुठेतरी असतो. हार्ड डिस्कचे पार्टिशन कर्नल आपणहून शोधतो, सीडीच्या बाबतीत तसं होत नाही. म्हणून या ड्रायव्हरला 'पार्ट' नावाचा खास ऑप्शन ठेवलेला आहे: कितवा पार्टिशन हवा ते माउंट करताना आकड्यात सांगायचं. एकापेक्षा जास्त वेळा लिहिलेल्या सीडीसाठी तसाच 'सेशन' हा ऑप्शन. 'सीडी खराब झाली' म्हणून बाजूला टाकण्याआधी हे दोन आकडे बदलून पाहावेत.

कधी सीडी किंवा डिस्क उघडते आणि आत एकच फाइल दिसते. तिचं नाव, मराठीत सांगायचं तर, 'माझ्या सगळ्या फाइली गेल्या कुठे?' ही कुणाची थट्टा नाही. १९९८ मध्ये ॲपलने एचएफएस प्लस आणली तेव्हा नवा व्हॉल्यूम जुन्या एचएफएसच्या वेष्टनात ठेवायची सोय केली. जुन्या मॅकला फक्त वेष्टन दिसे, आणि घाबरलेल्या माणसासाठी आत ही खुलासा करणारी फाइल. आज तीच दिसली तर एचएफएस प्लसचा ड्रायव्हर वापरून पुन्हा माउंट करायचं.

फाइली दिसल्या म्हणजे काम झालं असंही नाही. जुन्या मॅकमध्ये प्रत्येक फाइलचे दोन भाग असत, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. फॉन्टचा सगळा ऐवज बहुधा दुसऱ्या भागात असे. त्यामुळे लिनक्सवर फॉन्टची फाइल शून्य बाइटची दिसते आणि कॉपी केली तर हाती शून्यच येतं. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये हा दुसरा भाग फाइलच्या नावापुढे तिरकी रेघ देऊन 'आरएसआरसी' लिहिलं की मिळतो. फारच कमी लोकांना हे माहीत असतं.

आता त्या बंद ठेवलेल्या मॉड्यूलकडे वळू. हा ड्रायव्हर लिहिला गेला तेव्हा डिस्क म्हणजे कुठल्यातरी मॅकने सरळपणे लिहिलेली वस्तू, असा विश्वास होता. कोडमध्ये एके ठिकाणी डिस्कवरची नोंद अपेक्षेपेक्षा लहान आहे का हे तपासलं जाई, आणि लहान निघाली तर काहीच केलं जात नसे. तिथे फक्त एक टिपण होतं: 'पॅनिक?' प्रश्नचिन्हासकट. लिहिणाऱ्याचाच निर्णय झाला नव्हता. कर्नलने पॅनिक करणं म्हणजे अख्खं मशीन जागच्या जागी थांबणं.

ते प्रश्नचिन्ह कितीतरी वर्षं तसंच राहिलं. तपासणी आहे पण पुढे कृती नाही, अशी तक्रार कंपायलर करू लागला, म्हणून २०२१ मध्ये टिपणाच्या जागी कर्नलची अधिकृत ताकीद बसवली. मग सिझबॉटची गाठ पडली. गूगलचा हा बॉट मुद्दाम बिघडवलेल्या डिस्कच्या प्रतिमा कर्नलला खायला घालतो, आणि ताकीद आली की बग म्हणून नोंदवतो. अखेर जानेवारी २०२३ मध्ये लिनक्सच्या कर्त्याने, लिनस टॉरवाल्ड्सने, स्वतः त्या ओळी बदलल्या: नोंद चुकीची असेल तर निमूटपणे इनपुट-आउटपुट एरर परत द्यायची. इतकं साधं उत्तर होतं.

बिघडलेली डिस्क वाचताना साधा प्रोग्रॅम कोसळला तर तो एकटा जातो. कर्नलमधला ड्रायव्हर चुकला तर सगळ्यांना घेऊन जातो, आणि डिस्क कुणी वाईट हेतूने बनवली असेल तर मशीनचा ताबाही जाऊ शकतो. म्हणून माझं मत असं, की जुनी डिस्क वाचायला कर्नलच्या वाटेला जाऊच नये. आधी तिची बाइट-न्-बाइट प्रतिमा काढावी आणि ती एचएफएसयूटिल्ससारख्या साध्या प्रोग्रॅमने उघडावी. माउंट करायचंच असेल तर फक्त वाचण्यापुरतं.

मग ड्रायव्हर काढूनच का टाकत नाहीत? राइझरएफएस ही दुसरी जुनी फाइलसिस्टिम २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या कर्नलच्या ६.१३ आवृत्तीत काढलीच. फॉरमॅट बदलत नसला तरी त्याच्याभोवतीचा कर्नल सतत बदलतो, आणि प्रत्येक बदलासोबत जुना ड्रायव्हरही कुणीतरी दुरुस्त करावा लागतो. एचएफएस तर वर्षानुवर्षं बेवारस म्हणून नोंदलेली होती. तिलाही काढायचा विषय निघाला, तेव्हा लक्षात आलं की पॉवरपीसी प्रोसेसरच्या जुन्या मॅकवर लिनक्स चालवणाऱ्यांना ती लागते. त्या मशीनमध्ये कायम बसवलेला प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, सिस्टिम सुरू करणारा बूटलोडर एचएफएसच्या पार्टिशनवरून उचलतं. २०२५ मध्ये तिला पुन्हा सांभाळणारे मिळाले.

मॅकच्या ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉपींचं दुखणं मात्र कर्नलच्या हातातलं नाही. मॅकचा ड्राइव्ह बाहेरच्या ट्रॅकवर हळू आणि आतल्या ट्रॅकवर वेगात फिरे, एकूण पाच वेगांत. पीसीचा फ्लॉपी ड्राइव्ह एकाच वेगाने फिरतो आणि त्याचा कंट्रोलर मॅकची बाइट नोंदवायची पद्धतही ओळखत नाही, यूएसबीवाल्याचंही तेच. चुंबकीय बदल थेट टिपणारं ग्रीझवीझलसारखं छोटं बोर्ड जोडून प्रतिमा काढली की एचएफएसच्या फ्लॉपीत पुढे त्याच बी आणि डी शोधायच्या.