ओंटारियोत घटस्फोटाचा अर्ज: लग्न भारतात झाले असेल तर कागद कुठे अडतात

ब्रॅम्प्टन, मिसिसागा, टोरंटो भागातल्या आपल्या लोकांचे घटस्फोटाचे अर्ज कोर्टातून परत येतात, तेव्हा कारण बहुधा कागदाचे असते. दोघांचे सगळे ठरलेले असते, भांडण मिटलेले असते, आणि तरीही एका प्रमाणपत्रापायी किंवा चुकीच्या बजावणीपायी, म्हणजे कागद समोरच्याला नीट न पोचवल्यापायी, महिनोन्‌महिने जातात. त्यामुळे सोप्या गोष्टी इथे थोडक्यात सांगतो आणि माणसे अडकतात तिथे सविस्तर.

घटस्फोटाचा कायदा साऱ्या कॅनडाला एकच आहे, अर्ज मात्र प्रांताच्या कोर्टात होतो. दोघांपैकी एकजण अर्जाच्या आधी सलग एक वर्ष त्या प्रांतात राहत असला की पुरते. नागरिकत्व लागत नाही, वर्क परमिटवरची व्यक्तीही अर्ज करू शकते. नुकतेच कॅल्गरीहून ओंटारियोत आला असाल आणि जोडीदार अजून तिकडेच असेल, तर अर्ज अल्बर्टातच करावा लागेल, नाहीतर इथले वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबावे लागेल.

दुसरी अट एक वर्ष विभक्त राहण्याची, आणि इथे फार गैरसमज आहेत. ‘कायदेशीर विभक्त’ असा दाखला कुठेही मिळत नाही, तो शोधत फिरू नका. संसार एकत्र करायचा नाही असे ठरवून वेगळे राहू लागलात, ती तारीख. घरभाडे परवडत नाही म्हणून एकाच छताखाली वेगळे राहिलात तरी चालते, पण स्वयंपाक, पैसे, झोपण्याची खोली वेगळी होती हे सांगता आले पाहिजे. वर्ष पुरे होण्याआधीही अर्ज दाखल करता येतो, फक्त घटस्फोटाचा आदेश वर्षानंतर मिळतो. कितीतरी जण उगाच वाट बघत बसतात. समेटासाठी पुन्हा एकत्र राहून पाहिले आणि ते सगळे मिळून ९० दिवसांच्या आत असेल, तर वर्षाची मोजणी तुटत नाही.

आता विवाह प्रमाणपत्र. अर्जासोबत मूळ किंवा प्रमाणित प्रत लागते. लग्नपत्रिका, फोटो, भटजींनी सही केलेला कागद यांना प्रमाणपत्र म्हणून किंमत नाही. महाराष्ट्रातल्या अनेकांचे लग्न थाटात झालेले असते, पण नोंदणी झालेली नसते. १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याने ती उशिरानेही करता येते, मात्र त्यासाठी नवरा-बायको दोघांनी तीन साक्षीदार घेऊन निबंधकासमोर जावे लागते. वेगळे झालेल्या जोडप्याला हे कसे जमावे? म्हणून आधी शोधा की कागद आधीच कुठे दिलेला आहे का. जोडीदाराच्या व्हिसासाठी किंवा पीआरसाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) तो इमिग्रेशनकडे दिला असेल, तर आपल्याच फाइलची प्रत मागता येते. त्या प्रतीवर नोंदणी क्रमांक आणि कार्यालय सापडले की गावाकडच्या नातेवाइकाला अधिकारपत्र देऊन महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून प्रमाणित प्रत काढायला सांगता येते. खरोखरच काही मिळण्यासारखे नसेल, तर नियमात वाट आहे: प्रमाणपत्र मिळवणे शक्य नाही आणि का नाही, हे अर्जातच लिहायचे, आणि लग्न कधी, कुठे, कोणत्या विधीने झाले ते प्रतिज्ञापत्रावर सांगायचे. त्या वेळी पत्रिका, फोटो, पासपोर्टावरचे जोडीदाराचे नाव हे सगळे कामाला येते. रकाना मोकळा सोडलात तर मात्र अर्ज परत येणारच.

प्रमाणपत्र मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र जोडा. भाषांतर आपले आपण करून चालत नाही. नावांकडेही लक्ष द्या. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे मधले नाव, आडनाव, कधीकधी पहिले नावही बदलते. प्रमाणपत्रावर एक नाव, पासपोर्टावर दुसरे, आणि अर्जात तिसरे असले की कारकून बाजूला ठेवतो. अर्जात जन्माच्या वेळचे आणि लग्नाच्या लगेच आधीचे आडनाव विचारतात, ते प्रमाणपत्राशी जुळवूनच भरा.

पुढचा अडथळा बजावणीचा. दोघांनी मिळून संयुक्त अर्ज केला तर बजावणी लागतच नाही, म्हणून बोलणे शक्य असेल तर तोच मार्ग धरा. एकट्याने अर्ज केला तर कागद समोरच्याच्या हाती पोचवावे लागतात, आणि ते तुम्ही स्वतः देऊन चालत नाही, दुसऱ्या सज्ञान व्यक्तीने द्यावे लागतात. जोडीदार भारतात असेल तर आणखी जपा. परदेशी बजावणीच्या हेग करारात भारत आहे आणि टपालाने केलेली बजावणी भारताला मान्य नाही. कुरिअरने पुण्याला पाठवलेला लिफाफा, व्हॉट्सअॅपवर टाकलेली पीडीएफ, भावाने नेऊन दिलेली फाइल, यावर कोर्ट विसंबत नाही. विनंती अधिकृत यंत्रणेमार्फत दिल्लीला कायदा व न्याय मंत्रालयाकडे जाते, तिथून स्थानिक कोर्टाकडे, आणि यात महिने जातात. या संथपणाचा भुर्दंड अर्जदाराने भरावा हे अन्यायाचे आहे, पण आडवाट काढणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते. जोडीदाराने ओंटारियोत वकील नेमला आणि त्याने कागद स्वीकारले, तर हा फेरा वाचतो. उत्तराची मुदत कॅनडा किंवा अमेरिकेत बजावणी झाली तर ३० दिवस, भारतात झाली तर ६०. तिसाव्या दिवशीच पुढचे कागद भरू नका.

मुले असतील तर ‘आमचे आपसात ठरले आहे’ एवढ्यावर न्यायाधीश सही करत नाहीत. मुलांच्या खर्चाची वाजवी व्यवस्था झाली आहे की नाही हे तपासणे कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. दोघांचे उत्पन्न, त्याचे पुरावे आणि ठरलेली रक्कम प्रतिज्ञापत्रात हवी. रक्कम मुलांच्या खर्चाच्या सरकारी तक्त्यापेक्षा कमी असेल तर का, तेही. हा पैसा मुलांचा हक्क आहे, आईबापांनी तो सोडून देता येत नाही. जुने नमुने उतरवून ‘कस्टडी’ लिहू नका. मार्च २०२१ पासून घटस्फोट कायद्यात तो शब्द नाही, निर्णयाची जबाबदारी आणि मुलांसोबतचा वेळ असे वेगळे मांडायचे असते.

फी दोन टप्प्यांत: अर्जाच्या वेळी २२४ डॉलर, नंतर ४४५. उत्पन्न कमी असेल तर माफी मागता येते, आणि ती मागायला संकोच करू नका.

भारतात लवकर होईल म्हणून आधी तिकडे घटस्फोट घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पोटगीचा प्रश्न असेल तर तो सल्ला ऐकण्याआधी ओंटारियोतल्या वकिलाला भेटा, ही माझी कळकळीची विनंती. परदेशातला वैध घटस्फोट झाल्यावर इथले कोर्ट घटस्फोट कायद्याखाली पोटगी देऊ शकत नाही, असे ओंटारियोच्या अपील कोर्टाने २००७ मध्ये सांगितले आहे. त्यातून पुन्हा इथे लग्न करायचे तर वकिलाचे लेखी मत जोडून प्रांताच्या निबंधकाची मंजुरी घ्यावी लागते.

उलट बाजूही तितकीच अवघड. केवळ एक वर्ष वेगळे राहिलो या कारणावर इथे एकतर्फी घटस्फोट मिळाला, तर हिंदू विवाह कायद्यात तसे कारण नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या वाय. नरसिंह राव खटल्यातल्या निकालानुसार तिथले कोर्ट तो नाकारू शकते. दोघांची संमती कागदावर असेल तर धोका बराच कमी होतो. आदेश भारतात वापरायचा असेल तर ११ जानेवारी २०२४ पासून कॅनडातही अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी दाखला) मिळते, ओंटारियोच्या कागदांना प्रांत सरकारच ते देते.

आदेश हातात आला तरी घटस्फोट लागू होतो तो ३१ व्या दिवशी. त्यानंतर फॉर्म ३६-बी हे घटस्फोटाचे प्रमाणपत्र वेगळे मागून घ्यायचे, ते आपोआप घरी येत नाही. दुसऱ्या लग्नाचा हॉल त्याआधी ठरवू नका. घर, बचत यांची वाटणी झाली नसेल तर तीही तारीख लिहून ठेवा: तो दावा घटस्फोटानंतर दोन वर्षे किंवा विभक्त झाल्यापासून सहा वर्षे, यांतले जे आधी येईल तोपर्यंतच करता येतो.