वीज गेल्यावर गिट काय करते

नाशिकमध्ये वळवाचा पाऊस सुरू झाला की वीज जाणार, हे बहुतेकांनी धरूनच चाललेले असते. अंबडमधल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत यूपीएसने मान टाकली आणि कोडमधल्या बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या गिट या प्रोग्रामची ‘गिट ॲड’ ही आज्ञा चालू असतानाच संगणक बंद पडला, तर आधीची नोंद तरी शाबूत राहते का? लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली घडवलेल्या गिटमध्ये या प्रश्नाचे उत्तर फायली लिहिण्याच्या पद्धतीत दडलेले आहे.

पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या पक्क्या नोंदीत, काय जाणार याची यादी गिट ‘इंडेक्स’ नावाच्या फायलीत ठेवते. ती बदलताना मूळ फायलीला हात न लावता गिट शेजारी ‘इंडेक्स डॉट लॉक’ ही नवी फाइल तयार करते, संपूर्ण यादी तिच्यात लिहिते आणि सगळे नीट झाल्यावरच नाव बदलून तिला मूळ फायलीच्या जागी बसवते. नाव बदलण्याची क्रिया एक तर पूर्ण होते किंवा होतच नाही. त्यामुळे प्रोग्राम मध्येच मेला तरी अर्धवट यादी कोणाच्या हाती लागत नाही. (वीज जाण्यात मात्र आणखी एक मेख आहे: लिहिलेला मजकूर काही काळ मेमरीतच असू शकतो. तो डिस्कवर पोहोचल्याची खात्री ‘एफसिंक’ने करावी लागते आणि ते कोणत्या फायलींसाठी करायचे, हे गिटमध्ये ठरवता येते.)

कंट्रोल-सी दाबून काम थांबवले, तर गिट जाता जाता लॉकची फाइल पुसून टाकते. वीज गेल्यावर तेवढीही उसंत मिळत नाही. मग पुढची आज्ञा ‘फेटल’ने सुरू होणारा संदेश देऊन थांबते: लॉकची फाइल आधीच आहे, दुसरी गिट प्रक्रिया चालू असावी; तशी नसेल, तर ती फाइल हाताने काढून टाका. नवख्यांना याचा वैताग येतो, पण हा नकार मला योग्य वाटतो. लॉक लावणारी प्रक्रिया जिवंत आहे की मेलेली, हे त्या फायलीवरून गिटला कळत नाही, आणि पडद्यामागे एडिटरही गिट चालवत असू शकतो. अंदाजाने लॉक काढले, तर दोघांचे लिखाण एकमेकांवर चढेल.

माणसासाठी हा संदेश असतो. स्क्रिप्टला, म्हणजे आज्ञा ओळीने चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, १२८ हा निर्गम-संकेत (आज्ञा संपताना मागे ठेवते तो आकडा) मिळतो. यशाचा संकेत शून्य असल्याने रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्टसुद्धा तो पाहून तिथेच थांबू शकते.