तरुणांच्या स्वप्नांचा खर्च कोणी उचलला : पुण्याची पार्श्वभूमी

केंद्र सरकारने १९८४ मध्ये १२ जानेवारी हा राष्ट्रीय युवा दिन म्हणून जाहीर केला, तर महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होऊ लागला. या दोन्ही दिवशी पुण्यातील महाविद्यालयांच्या सभागृहांत तरुणांना मोठी स्वप्ने पाहण्याचे आणि ती देशाच्या कामी लावण्याचे आवाहन केले जाते. असे आवाहन या शहराने दीडशे वर्षे ऐकले आहे. मात्र त्या स्वप्नांचा खर्च कोणी उचलायचा, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे मिळाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो शिक्षकांनी उचलला. १८८० ची न्यू इंग्लिश स्कूल ही शाळा आणि तिच्या पाठोपाठ १८८५ मध्ये उभे राहिलेले फर्ग्युसन महाविद्यालय चालवणारे तरुण पदवीधर सरकारी नोकरीची वाट सोडून आले होते, आणि महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्यास त्यांच्यातील, डेक्कन एज्युकेशन सोसायटी या संस्थेचे आजीव सदस्य बांधलेले असत. स्वातंत्र्यानंतर हा भार राज्यसंस्थेने घेतला. १९४९ मध्ये विद्यापीठ, १९५० मध्ये पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५५ मध्ये खडकवासल्याची लष्करी प्रबोधिनी अशा क्रमाने देशसेवेला हुद्दा, वेतन आणि कामाची जागा मिळत गेली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली आणि श्रमदानाची शिबिरे विद्यार्थीजीवनाचा भाग झाली.

तरीही आजच्या परिस्थितीची मुळे शोधायची असतील, तर १९८३ च्या एका निर्णयापाशीच थांबावे लागते. त्या वर्षी राज्य सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. तोपर्यंत राज्यात अभियांत्रिकीच्या जागा इतक्या मोजक्या होत्या की, चांगले गुण मिळवूनही असंख्य मुलांची संधी हुकत असे, आणि ज्यांची ऐपत होती ते देणगी भरून कर्नाटकात शिकायला जात. हा पैसा आणि ही मुले राज्यातच राहावीत, हा समर्थकांचा युक्तिवाद बिनतोड होता. विरोधकांची भीतीही तितकीच खरी ठरली : शिक्षणसंस्था राजकीय वजन असलेल्यांच्या हाती गेल्या, ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द रूढ झाला, आणि देणगीला आळा घालण्यासाठी सरकारला १९८७ चा कायदा करावा लागला. या दोन्ही बाजू मान्य करूनही असे म्हणावे लागते की, निर्णय अपरिहार्य होता, पण त्याच्यासोबत गरीब विद्यार्थ्यासाठी पुरेशी शिष्यवृत्ती उभी न करणे ही मोठी चूक होती. तिची किंमत कोरडवाहू शेती करणाऱ्या घरांनी मोजली. मुलाचा प्रवेश टिकवण्यासाठी जमीन विकणे किंवा सावकाराकडे जाणे ही त्या काळातील कौतुकाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तिच्याकडे धोरणाचे अपयश म्हणूनही पाहिले पाहिजे.

त्यानंतरची दोन दशके हा वाद न्यायालयांत फिरत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये निम्म्या जागा कमी शुल्काच्या आणि निम्म्या जास्त शुल्काच्या अशी विभागणी घालून दिली. अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने २००२ मध्ये ती रद्द केली. पुढे २००५ मध्ये विनाअनुदानित संस्थांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही असा निकाल आला, तेव्हा संसदेने त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती करून आरक्षणाचा मार्ग मोकळा केला. राज्याने प्रवेश आणि शुल्क यांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा केला तो २०१५ मध्ये, म्हणजे मूळ निर्णयानंतर बत्तीस वर्षांनी.

दरम्यान स्वप्नाचे स्वरूपही पालटले होते. हिंजवडीत माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, तेव्हा १९८३ नंतर वाढलेल्या या महाविद्यालयांतील अभियंत्यांना घराजवळ काम मिळाले. अनेकांच्या घरातले ते पहिलेच पदवीधर होते, आणि या गोष्टीचे मोल टीकाकारांनी पुरेसे ओळखलेले नाही. ज्यांना शुल्काचा हा रस्ता परवडला नाही, किंवा पदवीनंतरही ज्यांच्या हाताला काम आले नाही, असे मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातले तरुण स्पर्धा परीक्षांकडे वळले. सदाशिव पेठ, नारायण पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या परिसरात अभ्यासिका, मेस आणि कॉट बेसिसवरच्या खोल्या यांची एक वस्तीच तयार झाली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय जाहीर झाल्यावर २०२३ च्या प्रारंभी याच वस्तीतली मुले रस्त्यावर उतरली आणि त्याची अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. वर्णनात्मक परीक्षा चांगला प्रशासक निवडते, हे मान्य केले तरी जुन्या, पर्यायांतून उत्तर निवडण्याच्या पद्धतीवर विसंबून खोलीभाडे भरत राहिलेल्या मुलांना पुरेसा अवधी मिळणे न्याय्यच होते.

आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिक व सामाजिक दृष्ट्या मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. चाळीस वर्षांपूर्वीच ज्याची सोय व्हायला हवी होती, त्यातला एक भाग यामुळे भरून निघाला. पुण्यात राहण्याचा आणि जेवणाचा खर्च मात्र या माफीत धरलेला नाही. त्यासाठीच्या निर्वाह भत्त्याच्या योजना वेगळ्या आहेत आणि त्यांचे अर्ज वेगवेगळ्या खात्यांकडे जातात.