एस्पेरांतो सोपी केली तर माणसं येतील का?

विटा, खानापूर, आटपाडी हा सांगली जिल्ह्यातला दुष्काळी पट्टा. इथली कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं काम. त्यासाठी ही माणसं तमिळनाडूत गेली, केरळात गेली, बंगाल-पंजाबात गेली आणि तिथल्या सराफ पेठांत स्थिरावली. गावाकडून नवा गेलेला पोरगा पहिल्या दिवशी मुका असतो. वर्ष-दोन वर्षांत तो गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये घासाघीस करू लागतो. तमिळ काही सोपी भाषा नव्हे. लिपी वेगळी, शब्द वेगळे, क्रियापदाची रूपं वेगळी. पण पोट तिथं आहे आणि दिवसभर बोलणारी माणसंही तिथंच आहेत, म्हणून भाषा येते.

एस्पेरांतोबद्दलचा एक जुना वाद समजून घ्यायला ही गोष्ट मला फार उपयोगी वाटते. ही भाषा मुद्दाम रचलेली आहे. बियालिस्तोक हे आजच्या पोलंडमधलं, तेव्हा रशियन साम्राज्यात असलेलं गाव. तिथं जन्मलेले डोळ्यांचे डॉक्टर लुडविक झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सामध्ये एक लहानसं पुस्तक छापलं. त्यात सोळा नियम आणि नऊशेच्या आसपास मूळ शब्द होते. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश (तिथल्या ज्यूंची भाषा) बोलणारे लोक एकमेकांकडे संशयानं पाहत; तर सगळ्यांना सारखी, कुणाच्याच मालकीची नसलेली एक दुसरी भाषा असावी, हा विचार. आज ती बोलणारे किती, याचे अंदाज काही हजारांपासून वीस लाखांपर्यंत जातात. जगाच्या मानानं हा आकडा लहानच. त्यामुळं जवळजवळ पहिल्या दिवसापासून एक सूचना होत आली आहे: भाषेतल्या अवघड गोष्टी काढा, मग लोक येतील.

कोणत्या गोष्टी अवघड? तीन नेहमी सांगितल्या जातात. पहिली, कर्माला लागणारा ‘न’ प्रत्यय. दुसरी, नामाप्रमाणं बदलणारं विशेषण. तिसरी, टोपीवाली अक्षरं. ही यादी इंग्रजी किंवा फ्रेंच बोलणाऱ्यांच्या तक्रारींतून तयार झाली आहे. तीच यादी साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या माणसापुढं ठेवली, तर चित्र पार बदलतं.

‘कुत्रा मांजराला चावला’ म्हणा, नाहीतर ‘मांजराला कुत्रा चावला’ म्हणा, चावणारा कुत्राच. हे ‘ला’ प्रत्ययामुळं कळतं, शब्दांच्या क्रमामुळं नाही. एस्पेरांतोत ‘ला हुंदो मोर्दिस ला कातोन’ किंवा ‘ला कातोन मोर्दिस ला हुंदो’, दोन्हींचा अर्थ एकच, कारण ‘कातो’ला लागलेला ‘न’. (सुरुवातीचं ‘ला’ हे तिथं नामाआधी येणारं उपपद आहे; आपल्या ‘ला’शी त्याचा संबंध नाही.) इंग्रजी बोलणारा इथं वर्षानुवर्षं चुकतो. मराठी माणसाला एवढंच लक्षात ठेवायचं की आपण सहसा सजीवांना ‘ला’ लावतो आणि ‘भाकरी खाल्ली’ म्हणताना तो गाळतो, तर एस्पेरांतोत भाकरीलाही प्रत्यय लागतो.

विशेषणाचंही तेच. ‘चांगला मुलगा’, ‘चांगले मुलगे’, ‘चांगल्या मुलाला’ हे आपण तीन-चार वर्षांचे असताना शिकून बसलेलो असतो. ‘बोना क्नाबो’, ‘बोनाय क्नाबोय’, ‘बोनान क्नाबोन’ ऐकून आपल्याला दचकायला होत नाही. उलट एस्पेरांतोत अपवादच नाहीत, त्यामुळं हे आपल्या मराठीपेक्षा सोपं.

आणि क्रियापदं! बसणे–बसवणे, हसणे–हसवणे, उकळणे–उकळवणे. मूळ क्रियापदात ‘व’ घातला की करायला लावण्याचा अर्थ येतो. एस्पेरांतोत याच जागी ‘इग’ येतो: ‘सीदी’ म्हणजे बसणे, ‘सीदीगी’ म्हणजे बसवणे, ‘रीदी’ म्हणजे हसणे, ‘रीदीगी’ म्हणजे हसवणे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हा ‘इग’ पानभर समजवावा लागतो. मराठी विद्यार्थ्याला एक ओळ पुरे.

उच्चारांतही आपला फायदा आहे. रोमन ‘सी’ अक्षराचा एस्पेरांतोतला उच्चार चाक, चूल यांतल्या दंत्य ‘च’सारखा, आणि त्याच अक्षरावर टोपी घातली की चार, चहा यांतला तालव्य ‘च’. हा फरक आपल्या जिभेवर आधीच बसलेला आहे. आपण तो एकाच अक्षरानं लिहितो, एवढंच. अवघड जाईल तो घशातून येणारा ‘ख़’, पण मिरजेत उर्दू बोलणाऱ्या घरांत तोही नवा नाही.

म्हणजे अवघडपणा हा भाषेच्या अंगचा गुण नसतो. शिकणारा कुठून निघालाय त्यावर तो ठरतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी स्पॅनिशला साधारण ६०० ते ७५० तास आणि जपानीला २२०० तास धरते. जपानीसारखीच वाक्यरचना असलेली भाषा बोलणाऱ्या कोरियन माणसासाठी हाच तक्ता केला तर आकडे उलटेपालटे होतील. एस्पेरांतोतून कर्माचा ‘न’ काढला तर इंग्रजी बोलणाऱ्याची सोय होईल खरी. पण ज्यांना तो आधार वाटतो, त्या मराठी, तमिळ, हंगेरियन, तुर्की बोलणाऱ्यांकडून काहीतरी काढून घेतलं जाईल. कुणाच्याच मालकीची नसलेली भाषा म्हणवून घेणाऱ्या भाषेनं हे करू नये असं मला ठामपणे वाटतं.

पण माझं वाटणं बाजूला ठेवू. हा प्रयोग प्रत्यक्षात होऊन गेलेला आहे, आणि एकदा नव्हे. १८९४ साली खुद्द झामेनहोफ यांनी सुधारणांचा मसुदा मांडला: टोपीवाली अक्षरं जातील, कर्माचा प्रत्यय जाईल, विशेषण बदलणार नाही. त्यांनी तो ‘ला एस्पेरांतिस्तो’ या मासिकाच्या वर्गणीदारांच्या मतदानाला टाकला. बहुमत बदलाच्या विरोधात गेलं आणि निर्मात्यानं ते मान्य केलं. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोन-स्युर-मेर इथल्या पहिल्या जागतिक संमेलनात भाषेचा मूळ पाया कुणीही, अगदी निर्मात्यानंही, बदलायचा नाही असं ठरलं. दोनच वर्षांत, १९०७ साली, फ्रेंच तत्त्वज्ञ लुई कुतुरा आणि त्यांच्या सोबत्यांनी सुधारलेली आवृत्ती पुढं आणली: इदो. टोप्या गेल्या, विशेषणाचं बदलणं गेलं, कर्माचा प्रत्यय अडचणीपुरता राहिला. डेन्मार्कचे थोर भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन आणि पुढं नोबेल मिळालेले रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड त्या बाजूला होते. इतकी विद्वत्ता पाठीशी असलेली दुसरी कृत्रिम भाषा दाखवणं कठीण.

मग इदोचं काय झालं? एकदा सुधारणेचं दार उघडल्यावर आणखी सुधारणा सुचत गेल्या. ज्यानं पुस्तक पाठ केलं, त्याचं पुस्तक जुनं झालं. १९२२ मध्ये ऑक्सिदेंताल आली आणि इदोवाले काही जण तिकडं गेले. १९२८ मध्ये खुद्द येस्पर्सन यांनी नोवियाल नावाची स्वतःची भाषा काढली. १९५१ मध्ये इंटरलिंग्वा आली. युरोपीय वाचकाला यातली प्रत्येक भाषा पहिल्या नजरेत एस्पेरांतोपेक्षा सोपी होती. बोलणारे मात्र प्रत्येकीला एस्पेरांतोपेक्षा कितीतरी कमी मिळाले. एस्पेरांतोच्या आधी गाजलेली वोलाप्युकही १८८९नंतर सुधारणांच्या भांडणातच मोडली.

टोपीवाल्या अक्षरांची गोष्ट थोडी सावकाश सांगण्यासारखी आहे, कारण तिची जुळी बहीण आपल्याकडं साताऱ्यात सापडते. एस्पेरांतोत पाच अक्षरांवर टोपी आणि एकावर चंद्रकोर आहे. छापखान्यात त्यांचे खिळे नसत, टंकलेखन यंत्रावर कळा नसत. ‘या सहा अक्षरांनी भाषेचं वाटोळं केलं’ अशी तक्रार शंभर वर्षं चालली. त्याच काळात देवनागरीबद्दल नेमकी हीच तक्रार होती: खिळे फार, कळा पुरत नाहीत. काकासाहेब कालेलकर, जन्म सातारा, १८८५. हिंदी साहित्य संमेलनाच्या लिपी सुधारणा समितीचं काम १९३५ पासून त्यांच्याकडं होतं. ‘अ’चीच बाराखडी करावी, हा मार्ग त्यांनी धरला. सावरकरांचाही तोच आग्रह होता. जुनी पुस्तकं चाळताना ‘अिकडे’, ‘अुत्तर’ असं छापलेलं दिसतं, ते याच सुधारणेतून आलेलं. तर्कानं पाहिलं तर सुधारणा निर्दोष होती. शिकायला सोपी, छापायला स्वस्त. तरी ती टिकली नाही, कारण वाचायला येणाऱ्या लाखो लोकांची नजर जुन्या अक्षरांना सरावलेली होती. पुढं संगणक आला, सगळ्या लिप्यांची अक्षरं सामावणारी युनिकोड ही पद्धत आली, आणि आता सातवीतली मुलगी मोबाईलवर ‘उत्तर’ही लिहिते आणि ‘ज्ञानेश्वरी’ही. एस्पेरांतोची टोपीवाली अक्षरंही त्याच युनिकोडमध्ये आहेत. लिपी न बदलता यंत्र बदललं आणि प्रश्न मिटला.

आता विज्ञान काय म्हणतं ते पाहू. २०१० साली गॅरी लुपियन आणि रिक डेल यांनी दोन हजारांहून जास्त भाषांची तुलना प्रसिद्ध केली. ज्या भाषा फार मोठ्या समाजात, दूरवरच्या प्रदेशांत बोलल्या जातात, त्यांच्यात प्रत्यय आणि रूपांची गुंतागुंत सरासरीनं कमी आढळली. त्यांचं स्पष्टीकरण असं: मोठ्या भाषा प्रौढ वयात शिकणारे परके लोक बरेच असतात, ते अवघड रूपं गाळत जातात आणि पुढच्या पिढ्या तीच भाषा ऐकतात. हा सहसंबंध आहे, पक्कं कारण नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पण दिशा बघा. आधी माणसं येतात, मग भाषा सोपी होते. सुधारकांनी गाडी उलटी जुंपली होती.

दुसरं संशोधन मला याहून रोचक वाटतं. काही घरांत आई-बाप आपसांत एस्पेरांतो बोलतात आणि मुलं तीच ऐकत वाढतात. अशा मुलांच्या बोलण्याचा अभ्यास बेंजामिन बर्गन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. ही मुलं कर्माचा ‘न’ पुष्कळदा गाळत होती आणि कर्ता-क्रियापद-कर्म असा क्रम घट्ट धरत होती. म्हणजे इदोवाल्यांनी ठरावानं जे करायचा प्रयत्न केला, ते मुलं ठरावाशिवाय करतात. अभ्यासातली मुलं मोजकीच होती, त्यामुळं यावरून भविष्य सांगता येत नाही. पण भाषा जिवंत असल्याची ही खूण आहे. मेंदूही तिला जिवंतच मानतो: अमेरिकेतल्या एमआयटीच्या शास्त्रज्ञांनी एस्पेरांतो आणि चित्रपट-मालिकांसाठी रचलेल्या काही भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. ते निष्कर्ष २०२५ साली आले. मातृभाषा ऐकताना मेंदूचा जो भाग जागा होतो, तोच या भाषा ऐकतानाही जागा झाला.

मूळ पाया बदलायचा नाही असं ठरलं, म्हणून एस्पेरांतो बदलतच नाही असं कुणी समजू नये. घशातला ‘ख़’ कित्येक शब्दांतून आपोआप गळाला. रसायनशास्त्राला आधी ‘ख़ेमिओ’ म्हणत, आता ‘केमिओ’ म्हणतात. संगणकासाठी दोन-तीन शब्द काही काळ शेजारी नांदले आणि शेवटी ‘कोंपुतीलो’ टिकला. वाईच्या विश्वकोशाशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना ही प्रक्रिया ओळखीची वाटेल: शब्द घडवणारे घडवतात, ठेवायचा की टाकायचा ते बोलणारे ठरवतात. ‘पात्रो’ म्हणजे वडील आणि त्यावरून ‘पात्रीनो’ म्हणजे आई, ही मांडणी आजच्या तरुणांना खटकते आणि त्यांचं खटकणं बरोबर आहे. त्यांनी पुरुषवाचक ‘इच’ प्रत्यय आणि स्त्री-पुरुष भेद न करणारं ‘री’ हे सर्वनाम वापरायला सुरुवात केली आहे. जुन्या पुस्तकांना धक्का न लावता ही भर पडते आहे. अशा बदलाचं मी मनापासून स्वागत करते.

एक आक्षेप मात्र मला अजून सतावतो. शब्दसंग्रह जवळजवळ सगळा युरोपातला आहे. ‘मी’ म्हणजे मी आणि ‘नाउ’ म्हणजे नऊ, असे दूरच्या नात्यातले शब्द भेटतात तेव्हा बरं वाटतं, पण ते थोडे. मग मराठी, चिनी, अरबी शब्द घालावेत का? लोजबान या भाषेनं चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन आणि अरबी यांचे ध्वनी प्रमाणशीर मिसळून मूळ शब्द बनवले. न्याय सर्वांना मिळाला आणि शब्द कुणालाच ओळखू आले नाहीत. एस्पेरांतोत निदान थोड्या मुळांपासून प्रत्ययांनी शब्द वाढवता येतात, त्यामुळं पाठांतर आवरतं राहतं.

मग शिकणारे वाढतात कशानं? २०१५ साली ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवर इंग्रजीतून एस्पेरांतोचा अभ्यासक्रम सुरू झाला. स्वयंसेवकांनी तयार केलेला, फुकट, मोबाईलवर. काही वर्षांतच नोंदणी दहा लाखांच्या पुढं गेली. नाव नोंदवणं म्हणजे भाषा येणं नव्हे, तरी एकही प्रत्यय न बदलता एवढी माणसं दारापर्यंत आली. जर्मनचंही पाहा. तिच्यात तीन लिंगं आहेत, चार विभक्ती आहेत आणि अपवादांची रास आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि नर्सिंग किंवा आयटीआय केलेल्या मुला-मुलींना जर्मन शिकण्याचं कारण मिळालं. एस्पेरांतोकडं नोकरी नाही. तिच्याकडं परदेशात घरी मुक्कामाला ठेवून घेणाऱ्या यजमानांची यादी आहे, दर वर्षीची संमेलनं आहेत, तीन लाखांहून जास्त लेखांचा विकिपीडिया आहे आणि पत्रमैत्रीची शंभर वर्षांची सवय आहे. हे आमच्या भागात पोचलेलं नाही, ही खरी अडचण.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकवलेले प्रबाल दासगुप्ता २००७ ते २०१३ या काळात जागतिक एस्पेरांतो संघटनेचे अध्यक्ष होते. म्हणजे ही भाषा आपल्यापासून तितकी दूरही नाही. मला हवी आहे ती मराठीतून लिहिलेली साठ-सत्तर पानांची पुस्तिका. ती इंग्रजी पुस्तकावरून उतरवलेली नसावी. पहिल्या धड्यात ‘बसणे–बसवणे’ असावं, दुसऱ्यात ‘मांजराला’, तिसऱ्यात चाक आणि चहा. कर्माच्या प्रत्ययावर इंग्रजी पुस्तकं जी वीस पानं घालवतात ती इथं वाचतील, आणि त्या जागेत ब्राझील, हंगेरी, जपानमधल्या लोकांनी लिहिलेली खरी पत्रं छापता येतील.