चोवीस तासांत खत? आधी विजेचं बिल बघा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरची असो वा नवी मुंबईतल्या खारघरची, मोठ्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ओल्या कचऱ्याचा विषय निघाला की गाडी बहुधा मशीनवर येऊन थांबते. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं. मग कोणीतरी कोटेशन आणतं: वरून कचरा टाका, चोवीस तासांत खालून खत काढा.

हा दावा तपासायला शाळेतलं भौतिकशास्त्र पुरतं, कारण एका दिवसात मशीन कचरा फक्त तापवून वाळवू शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालातला अंदाज असा, की भारतीय घरांतून माणशी वर्षाला 55 किलो अन्न कचऱ्यात जातं. त्यात सालं, देठं, हाडंही धरलेली आहेत. चौघांच्या घराचे दिवसाला झाले 600 ग्रॅम. 200 घरांच्या सोसायटीत 120 किलो. यातलं साधारण तीन चतुर्थांश पाणी, म्हणजे 90 लिटर. एक लिटर पाण्याची नुसती वाफ करायला सुमारे 0.63 युनिट लागतं. सगळं पाणी विजेवर उडवायचं म्हटलं तर रोज 56 युनिट. युनिटला दहा रुपये धरा, महिन्याला सतरा हजारांच्या आसपास गेले. ओल टिपायला घालायचा भुसा, माणूस आणि मशीनचा देखभाल करार वेगळा.

आणि एवढं करून हाती काय लागतं? तपकिरी, कोरडी, बिनवासाची भुकटी. दिसायला खत, पण तत्त्व कुरडईचं: पाणी काढलं म्हणून टिकली. कुंडीत घालून पाणी दिलं की थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं, बुरशी धरते, चिलटं येतात, आणि जिवाणू मातीतला नायट्रोजन स्वतःसाठी ओढून घेतात. रोप पिवळं पडतं आणि बोलणी माळ्याला बसतात.

खरं खत जिवाणू करतात आणि त्यांना महिना-दीड महिना तरी लागतोच. गंमत म्हणजे वाळवण्यासाठी आपण ज्या उष्णतेचे पैसे मोजतो, ती हे जिवाणू फुकट देतात. नीट रचलेल्या ढिगाचं पोट दोन-चार दिवसांत 55 ते 65 अंशांवर जातं. हात घातला तर चटका बसतो. त्या उष्णतेत रोगजंतू आणि माश्यांच्या अळ्या मरतात आणि बरंचसं पाणी आपसूक उडतं. अट एवढीच, की कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण 25 ते 30 ला एक असावं आणि ढिगात हवा खेळावी. नुसता स्वयंपाकघरातला कचरा नायट्रोजनकडे झुकलेला आणि ओलाकिच्च असतो. म्हणून अमोनियाचा वास मारतो. त्यावर उतारा सुक्या पाल्याचा. पाला मात्र आपण झाडून, पोत्यात भरून घंटागाडीत चढवतो, आणि त्याच महिन्यात भुशाचं बिल पास करतो! नवी मुंबईच्या रस्त्यांवर पानगळीत इतका पाला पडतो, की चार महिन्यांची बेगमी सहज व्हावी.

शिळा भात, आमटी, पोळ्या यांचं थोडं निराळं. शिजवलेल्यातला स्टार्च झटकन आंबतो, आम्ल तयार होतं आणि ढीग बसतो. असं अन्न बायोगॅसला जास्त चांगलं. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी 2003 च्या सुमारास नेमकं हेच दाखवलं: शेणाऐवजी पिठूळ, गोड पदार्थ घातले तर दोनेक किलोंत साधारण अर्धा किलो मिथेन मिळतो. शेण घेतलं तर त्यासाठी चाळीसेक किलो लागतं. खाडीपलीकडे मुंबईत तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी उभं केलेलं 'निसर्गऋण' तंत्रही अन्नकचऱ्यापासून गॅस करण्याचंच.

तोच मिथेन डम्पिंगवर मोकळा सुटला की दुखणं होतो. ढिगाऱ्याच्या पोटात हवा पोचत नाही, तिथे बिनहवेचे सूक्ष्मजीव कामाला लागतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबात सुमारे 80 पट. पेट घेतो तो वेगळाच. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षं जवळच्या दिवा गावात पडत होता. त्या धुराबद्दल तिथल्या रहिवाशांना विचारा. शिवाय आपल्या त्या 90 लिटर पाण्याला गाडीने फिरवायचं डिझेल पालिकेच्या, म्हणजे करदात्याच्याच खिशातून.

खत तयार झालं की नाही, हे विक्रेत्याला विचारू नका. मूठभर खत ओलं करून झिपच्या पिशवीत बंद करा आणि तीन-चार दिवसांनी उघडा. आंबूस वास आला तर ते कच्चं. मातीचा वास आला तर निम्मी माती मिसळून त्यात मेथी पेरा, शेजारी नुसत्या मातीतही पेरा. दोन्हीकडे सारखीच उगवली तर खत पिकलं.

मग पुढचा प्रश्न उरतो, ज्याबद्दल कोटेशनमध्ये अवाक्षर नसतं. 120 किलोंचं खत होताना साधारण वीस किलो उरतं, म्हणजे महिन्याला सहाशे. सोसायटीच्या चार वाफ्यांत ते मावत नाही. पावसाळ्याआधी घरटी दोन-तीन किलो वाटून टाकावं, बाकीचं जवळच्या रोपवाटिकेला द्यावं. भाव फारसा मिळत नाही. पोती त्यांचा टेम्पो उचलून नेत असेल, तर घासाघीस करू नये.